शंभरांपैकी एकेचाळीस

रविवारी दुपारी चार वाजता गजराचं घड्याळ घणघणलं आणि काशीराम गुरुजींनी पेन्सिल खाली ठेवली. वेळ संपली म्हणजे संपली. मुलांना जो नियम तोच आपल्याला, असं त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. मग मार्गदर्शिकेच्या शेवटची उत्तरसूची काढून ते एकेक उत्तर ताडून पाहू लागले. पहिल्या पानावर त्यांना वाटलं, आपण भलत्याच प्रश्नपत्रिकेची उत्तरं बघतोय. दुसऱ्या पानावर वाटलं, उत्तरसूचीच चुकीची छापलीय. पुण्याच्या छापखान्यांचा काय भरवसा. तिसऱ्या पानानंतर त्यांना काही वाटेनासं झालं. त्यांनी बेरीज केली. इयत्ता चौथी, शिष्यवृत्ती परीक्षा, सराव प्रश्नपत्रिका पहिली, विषय बुद्धिमत्ता चाचणी, एकूण गुण शंभर. गुरुजींना एकेचाळीस पडले होते. त्यांनी खालून वर पुन्हा मोजलं, तर चाळीस आले. तेव्हा तिसऱ्यांदा न मोजता त्यांनी एकेचाळीसच कायम केले.

ओटीवर कुळीथ निवडत बसलेल्या राहीनं, त्यांच्या बायकोनं, मान वर न करता विचारलं, "किती पडले?"

"बरे पडले."

"म्हणजे पास?"

"ह्यात पास-नापास नसतं. ह्यात नुसती बुद्धी मोजतात."

"मग किती भरली?" राही म्हणाली आणि सुपातला एक खडा तिनं अंगणात भिरकावला. गुरुजींनी मार्गदर्शिका मिटली आणि ती तांदळाच्या डब्यामागे ठेवली. पुस्तक ठेवायची ती जागा नव्हती, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. पण एकदा लपवलेली वस्तू लगेच बाहेर काढली तर ती लपवली होती असं होतं, म्हणून ते तसेच परसात जाऊन उभे राहिले आणि पोफळींकडे बघू लागले.

तेवीस वर्षं नोकरी झाली होती. त्यातली सोळा रत्नागिरीत, आणि त्यातली नऊ ह्या खाजणातल्या शाळेत. शहराचा रस्ता उतरत उतरत खाडीकडे येतो, मग त्याचा डांबराचा उत्साह संपतो, आणि तो संपतो तिथं नगरपालिकेची ही चार खोल्यांची शाळा. मुलं सगळी खारव्यांची नि भंडाऱ्यांची, होड्यांवर पोट असलेल्या घरांतली. शिष्यवृत्तीला ह्या शाळेतून आजवर कुणी बसलंच नव्हतं. दरवर्षी शिक्षण मंडळाच्या सभेत साहेब शाळावार निकाल वाचायचे, आणि खाजणातल्या शाळेचं नाव आलं की म्हणायचे, "निरंक." हा शब्द गुरुजींना मुळीच वाईट वाटत नसे. निराकार, निर्गुण, निरंक. ऐकून मन कसं शांत होई. पण त्या साली, सन चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर, परिपत्रक आलं की प्रत्येक शाळेनं चौथीची किमान दहा मुलं परीक्षेला बसवलीच पाहिजेत, आणि निकाल शिक्षकाच्या नावासकट वाचला जाईल. मुख्याध्यापिका आनंदीबाईंनी चष्मा कपाळावर चढवून ते दोनदा वाचलं. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि तेवढी त्यांना कोणतंही परिपत्रक न येता काढायची होती. "भाषा मी बघते, गुरुजी," त्या म्हणाल्या. "गणित आणि बुद्धिमत्ता तुम्ही बघा." कौलं शाकारायची असली की ज्या आवाजात त्या 'तेवढं बघा' म्हणत, त्याच आवाजात.

आणि गुरुजींनी बघितलं. एकेचाळीस.

परसात उभं राहून ते आपण कुठं कुठं चुकलो ते आठवू लागले, आणि आठवता आठवता त्यांना असं दिसलं की आपण चुकलो नाही, आपण रेंगाळलो. दिशांचा प्रश्न होता. एक माणूस घरून निघून पूर्वेला तीन किलोमीटर चालला. मग उजवीकडे वळून दोन किलोमीटर. मग पुन्हा उजवीकडे वळून तीन किलोमीटर. तर तो आता घराच्या कोणत्या दिशेला आहे? गुरुजी त्याच्याबरोबर निघाले होते. पहिले तीन किलोमीटर ठीक गेले. मग त्यांच्या मनात आलं, हा माणूस निघालाय तरी कशाला? एवढे आठ किलोमीटर तंगडतोड करून गडी पोचला कुठं, तर घरापासून दोन किलोमीटरवर. सरळ का नाही गेला? मध्ये पाण्याचा पऱ्या असेल, त्यावरचा लाकडी साकव वाहून गेला असेल. किंवा मध्ये असं एखादं घर असेल, की ज्याच्या अंगणातून त्याला जायचं नाही. संगमेश्वराच्या वरच्या अंगाला गुरुजींचं गाव. तिथं त्यांचे महिपतकाका सख्ख्या भावाच्या अंगणातून पाय टाकायला लागू नये म्हणून पाणवठ्यावर जायला अख्खी टेकडी वळसा घालून जात. वीस वर्षं. बांधावरच्या एका फणसाच्या झाडापायी. झाड मग वाऱ्यात पडलं, तरी काका टेकडीवरूनच जात राहिले, कारण तोवर पायांना तीच वाट झाली होती. काका आठवले, त्यांची कानटोपी आठवली, आणि घड्याळात सहा मिनिटं गेली. शेवटी गुरुजींनी उत्तर लिहिलं, 'पूर्व', कारण माणूस मनानं तरी जिथं निघाला होता तिथंच असणार.

नात्यांचा प्रश्न त्याहून वाईट. एका स्त्रीकडे बोट दाखवून जानू म्हणाला, "ही माझ्या आजोबांच्या एकुलत्या एका मुलाची बायको." तर ती जानूची कोण? पर्याय होते आई, आत्या, मावशी, बहीण. गुरुजींच्या पेन्सिलीचं टोक 'आई'वर टेकलं आणि तिथंच थांबलं. आईकडे बोट दाखवून कुणी असं कशाला बोलेल? आई म्हणायला ज्याची जीभ वळत नाही तोच असं बोलेल. गुरुजींचे वडील मुंबईला गिरणीत होते; गणपतीला नि शिमग्याला यायचे. एकदा शिमग्याला आले ते त्यांच्याबरोबर एक बाई होती, अंबाड्यात अबोली माळलेली, काशी नावाची. 'ही तुझी मावशी' असं त्यांनी सांगितलं. आईला बहीणच नव्हती हे आठ वर्षांच्या काशीरामला ठाऊक होतं. त्या बाईनं त्याला लिमलेटच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि आपल्या दोघांचं नाव एकच की रे, असं म्हणून ती हसली होती. आता ह्या बाईकडे बोट दाखवून कुणी विचारलं असतं, तर चार पर्यायांतला कुठला खरा? गुरुजींनी तो प्रश्न कोराच सोडला. एक गुण तिथं गेला.

आणि हे आजचंच नव्हतं. चौथीत असताना ते स्वतः ह्याच परीक्षेला बसले होते, देवरुखच्या शाळेत. पहाटे निघून आठ मैल चालत गेले होते. पेपरात पहिलाच प्रश्न होता: तुमच्या गावाचं दहा ओळींत वर्णन करा. काशीरामनं देवळापासून सुरुवात केली. देवळामागची तळी, तळीवरचा वड, वडाखाली बसणारा न्हावी, त्याच्या म्हशीला झालेलं दोन डोक्यांचं रेडकू. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा वर्णन पालखी ठेवायच्या सहाणेपाशी पोचलं होतं आणि खालच्या वाडीतलं कुणीच यायचं बाकी राहिलं होतं. पुढचे अकरा प्रश्न त्यानं पाहिलेसुद्धा नव्हते. घरी आल्यावर त्याला खालच्या वाडीचंच वाईट वाटत होतं.

सोमवारी गुरुजींनी दहा मुलं निवडून त्यांना तोच पेपर दिला. निवडली म्हणजे काय, जी त्या दिवशी हजर होती त्यांतली ज्यांच्याकडे पेन्सिल होती ती. मुलं सोडवत असताना ते खिडकीशी उभे राहिले आणि त्यांच्या मनात एक इच्छा उगवली, जी शिक्षकाच्या मनात उगवू नये. मुलांना एकेचाळिसाहून कमी पडोत, अशी. संध्याकाळी सगळे गेल्यावर ते पेपर तपासायला बसले. केरूला बावन्न पडले. गुरुजींना तो मुलगा पहिल्यापासूनच आगाऊ वाटत आला होता. दोघींना पंचेचाळीस. बाबूला एकोणतीस पडले, तेव्हा त्या नाक गळक्या पोराबद्दल त्यांना एवढी माया दाटून आली की दुसऱ्या दिवशी त्याला जवळ बोलावून त्यांनी आपल्या रुमालानं त्याचं नाक पुसलं. सगळ्यांत शेवटी शकूचा पेपर होता. शकू म्हणजे आवडाबाईची मुलगी. आई बाजारात मासळी विकायला बसायची. मुलगी आठवड्यातून दोन दिवस गैरहजर, उरलेले दिवस तिसऱ्या बाकावर, गप्प. वेणीत कधी कधी माशाचं खवलं चमकायचं. शकूला शहाऐंशी गुण होते. गुरुजींनी पेपर दुसऱ्यांदा तपासला, मग तिसऱ्यांदा. आणि तिसऱ्या खेपेला आपण चूक शोधत नसून चूक व्हावी अशी वाट बघतोय, हे कळून ते स्वतःशीच इतके ओशाळले की त्यांनी लाल शाईनं मोठ्ठे शहाऐंशी घातले आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"शकू," दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला टेबलापाशी बोलावून विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "हा दिशांचा प्रश्न तू कसा सोडवलास? ह्या माणसाचं तू काय केलंस?"

शकूनं प्रश्नाकडे बघितलं, मग गुरुजींकडे. "कुठल्या माणसाचं?"

"हा काय, घरून निघालेला."

"तो मानूस नाय, गुरुजी," ती हळूच म्हणाली, दुखऱ्या जागी बोट लागू नये तशी. "ती नुस्ती रेघ हाय."

हे वाक्य गुरुजींना पुढं कितीतरी दिवस पुरलं. शाळेतून घरी जाताना चढावर, दाढी करताना आरशात, दुकानात रांगेत उभं असताना. नुस्ती रेघ. मग महिपतकाकासुद्धा रेघच काय? त्यांना राग यायचा, आणि लगेच हसू यायचं, आणि मग पुन्हा ती धास्ती सुरू व्हायची. एकेचाळीस हा आकडा दातांत अडकलेल्या तंतूसारखा झाला होता. जीभ दर घटकेला तिथंच. वर्गात एखाद्या पोराला 'गाढवा' म्हणायला तोंड उघडावं आणि एकेचाळीस आठवून तोंड मिटावं. डिसेंबर संपता संपता वर्गातल्या शिव्याच बंद झाल्या. मुलं घाबरली, गुरुजींना बरं नाही अशी बातमी वस्तीत पसरली आणि बाबूच्या आजीनं अंगारा पाठवला.

गोखले नाक्यावर एकदा भिकाजी खेडेकर भेटले. हे वरच्या आळीतल्या मोठ्या शाळेचे शिष्यवृत्तीवाले गुरुजी. दरवर्षी त्यांची पाच-सहा मुलं यादीत असायची आणि त्यांचा सत्काराचा फेटा घडी न मोडता पुढच्या साली पुन्हा उपयोगी पडायचा. "काय काशीराम, ऐकतो ते खरं का? यंदा तुम्हीपण मैदानात?" खेडेकर गुरुजींनी सायकल थांबवून एक पाय फुटपाथवर ठेवला. "भाषा-गणित काय, कुणीही घेईल करून. बुद्धिमत्ता खरी. ती शिकवणाऱ्याकडे असावी लागते." असं म्हणून त्यांनी टकलावर बोट वाजवलं आणि घंटी वाजवत निघून गेले. गुरुजी त्या टकलाकडे बघत राहिले. आतून भरीव आवाज आला होता, ह्यात शंका नव्हती.

जानेवारीत मात्र त्यांनी हत्यार टाकलं. झालं असं, की 'गटात न बसणारा शब्द ओळखा' शिकवताना शब्द आले आंबा, फणस, काजू, नारळ. गुरुजींनी आदल्या दिवशीच उत्तरसूची बघितली होती. उत्तर 'नारळ' होतं, पण कारण छापलेलं नव्हतं. केरू म्हणाला, काजू, कारण त्याची बी बाहेर लोंबते. एक मुलगी म्हणाली, फणस, कारण त्याला काटे. बाबू म्हणाला, आंबा, कारण तो चोरता येतो. नारळ उतरवायला चढावं लागतं, फणस उचलत नाही, आणि काजूचा चीक तोंडाला लागला की घरी कळतं. गुरुजींना बाबूचं म्हणणं निरुत्तर करणारं वाटलं. आपलं लक्ष पुन्हा वळसा घालून टेकडीवर निघालंय हे त्यांना कळत होतं. तास संपत आला तेव्हा त्यांनी खडू शकूच्या हातात दिला आणि म्हणाले, "शकू, तू सांग," आणि स्वतः तिसऱ्या बाकावर, तिच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले. गुडघे बाकात मावेनात, तेव्हा त्यांनी ते बाहेर काढून ठेवले. शकूनं फळ्याकडे पाठ केली, वर्गावरून नजर फिरवली आणि म्हणाली, "तुमी समदे जास्त इचार करताव. आंब्याला नि फनसाला नि काजीला फांद्या हायत. माडाला नाय. पुडचा."

त्या दिवसापासून रोज शेवटचा तास शकूचा झाला. एकदा दाराशी आनंदीबाई येऊन उभ्या राहिल्या तेव्हा गुरुजी हात वर करून बसले होते. त्यांना संख्यामालेतली एक पायरी कळली नव्हती. आनंदीबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. मग खाली आणला.

"गुरुजी, हे काय चाललंय?"

"बुद्धिमत्ता, बाई," गुरुजी उठता उठता बाकात अडकून म्हणाले.

आनंदीबाईंनी मागं वळून रस्त्याकडे बघितलं. "दार लावून घ्या," त्या म्हणाल्या. "जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतं."

परीक्षा फेब्रुवारीतल्या एका रविवारी होती; केंद्र वर गावात, दिवसभरात तीन पेपर. सकाळी नऊला शाळेपाशी जमायचं ठरलं होतं. गुरुजी टेरीकॉटची पँट आणि पांढरा शर्ट घालून आले. खिशात जादा पेन्सिली, पिशवीत ग्लुकोजचा पुडा. नऊ मुलं होती. शकू नव्हती. सव्वानऊ झाले. "येईल वाटेत," आनंदीबाई म्हणाल्या, पण त्यांनासुद्धा ते खरं वाटलं नाही. गुरुजी पिशवी त्यांच्याकडे देऊन खाजणाच्या बांधावरून जवळजवळ धावतच पलीकडच्या वाळूत गेले.

आवडाबाई पाटी भरून निघायच्या बेतात होती. मागं वाळूत जुनी जाळी अंथरून त्यावर बारीक कोळंबीसारखा जवळा वाळत पसरलेला, कडेला खारवलेले बांगडे ओळीनं. आणि त्या सगळ्यामध्ये हातात काठी घेऊन शकू उभी. गणवेश घातलेला होता.

"आवडाबाई, आज परीक्षा आहे. मी सांगितलं होतं."

"व्हय, सांगितलां हुताव," आवडाबाई पाटी डोक्यावर घेत म्हणाली. "पन काल रातचा गलबत भरून जवळा आला, त्याला मी काय करू? परीक्षा हाय म्हनून सांगू समिंदराला? माला बाजारात जायचां. ह्या टाकून गेली तर सांजच्याला कावळे नि कुत्रे ढेकर देतील. हितं बसनार कोन? तुमी?"

ती हे टोमणा म्हणून बोलली होती. गुरुजींना ते कळलं होतं.

"बसतो," ते म्हणाले.

आवडाबाई हसली, मग हसता हसता थांबली आणि त्यांच्या पँटच्या इस्त्रीकडे बघून पुन्हा हसली. पण गुरुजींनी तोवर शकूच्या हातातली काठी घेतली होती. "पळ," ते म्हणाले. "बाई शाळेपाशी थांबल्यात. बांधावरून जा. आणि शकू, घड्याळाकडे लक्ष ठेव." शकू दहा पावलं गेली आणि वळून ओरडली, "गुरुजी, डोमकावळ्याच्या डोळ्यांत बगू नका!" आणि पळाली.

अशा रीतीनं, ज्या दिवशी जिल्ह्यातले शिष्यवृत्तीचे सगळे गुरुजी परीक्षा केंद्राच्या फाटकाशी थर्मास घेऊन उभे होते, त्या दिवशी काशीराम गुरुजी वाळूत उलट्या पाटीवर बसून जवळा राखत होते. पहिल्या अर्ध्या तासात त्यांना लाज वाटली. कुणी ओळखीचं आलं तर काय सांगायचं ह्याची दोन-तीन उत्तरं त्यांनी तयार केली. मग कावळे आले आणि लाज वाटायला सवड उरली नाही. एक कावळा समोर उतरून लंगडत चालू लागला. गुरुजींना वाटलं, बिचाऱ्याचा पाय मोडलाय. ते त्याच्याकडे बघत राहिले, आणि पाठीमागून दुसऱ्यानं बांगडा उचलला. उडताना लंगडा कावळासुद्धा दोन्ही पायांनी नीट उडाला. गुरुजी काठी घेऊन डावीकडे धावले की उजवीकडचे उतरायचे. उजवीकडे धावले की घार यायची. खडकापाशी होडीच्या सावलीत भिवा नावाचा एक म्हातारा खलाशी फाटलेलं जाळं तुणत बसला होता. तो अर्धा तास हे बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "गुरुजी," तो ओरडला, "धावू नका वो! मदी उभे ऱ्हावा नि काठी फिरवा. त्यांना दमू द्या."

गुरुजी मध्ये उभे राहून काठी फिरवू लागले. ऊन चढलं. वाऱ्यावर जवळ्याचा वास असा यायचा की आधी नाकात, मग डोक्यात, मग शर्टाच्या आत. आता भाषेचा पेपर संपला असेल, असं त्यांच्या मनात आलं. आता गणित चालू असेल. केरू घाई करत असेल. बाबूला पाणी हवं असेल. भिवानं भाकरी नि चटणी आणून दिली, ती त्यांनी एका हातानं खाल्ली आणि दुसऱ्या हातानं काठी फिरवत राहिले. मग दुपार कलताना कधीतरी त्यांच्या लक्षात आलं, की कितीतरी वेळ आपल्या मनात काहीही आलेलं नाही. काका नाही, गाव नाही, ती अबोलीवाली बाई नाही. नुसती काठी, आणि कावळा आला की तिचं टोक बरोबर त्याच्या वाटेत. दोन महिन्यांत पहिल्यांदाच एकेचाळीस हा आकडा कुठंतरी निघून गेला होता. हे लक्षात आल्याबरोबर एका डोमकावळ्यानं बांगडा नेला.

साडेचारला आवडाबाई आणि शकू जवळजवळ बरोबरच आल्या. आवडाबाईनं कमरेवर हात ठेवून जाळ्यावरून नजर फिरवली. "बरेच नेले," ती म्हणाली. "तुमच्यापरीस पोरगी बरी."

"कसा गेला पेपर?" गुरुजींनी शकूला विचारलं. त्यांचा आवाज बसला होता.

"बरा," शकू म्हणाली आणि वाळूत उकिडवी बसून बांगड्यांकडे बघू लागली. "लंगडा आल्ता ना?"

गुरुजी त्या रात्री न्हाणीत तीन घंगाळं पाणी ओतून बाहेर आले तरी राहीनं त्यांचं अंथरूण ओटीवर घातलं. केंद्रावर खेडेकर गुरुजींनी 'तुमचे काशीराम कुठं?' असं विचारलं, आणि आनंदीबाईंनी 'ते एका महत्त्वाच्या कामगिरीवर आहेत' असं उत्तर दिलं, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

निकाल एप्रिलच्या शेवटी आला आणि मंडळाच्या सभेत वाचला गेला. सभागृहात पंखा एक, शिक्षक दीडशे. साहेब वाचत वाचत खाजणातल्या शाळेपर्यंत आले आणि सवयीनं म्हणाले, "निर..." मग थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला. "बसलेले दहा. उत्तीर्ण सहा. जिल्हा गुणवत्ता यादीत एक. शिक्षक, काशीराम धोंडू पाष्टे." टाळ्या वाजायला थोडा वेळ लागला, कारण कुणाची तयारी नव्हती. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "पाष्टे गुरुजी, उभे राहा. बुद्धिमत्तेत तुमच्या मुलीला चौऱ्याण्णव आहेत. तुम्ही कोणती पद्धत वापरलीत, ती जरा सर्वांना सांगा."

गुरुजी उभे राहिले. 'नियमित सराव, पालकांचं सहकार्य, मुख्याध्यापिकांचं मार्गदर्शन' हे वाक्य त्यांनी रात्रीच पाठ केलं होतं. ते त्यांच्या जिभेवर येऊन बसलेलं होतं. "साहेब," ते म्हणाले, "मी आधी तो पेपर स्वतः सोडवून बघितला. मला एकेचाळीस पडले."

आनंदीबाईंनी डोळे मिटले. मग मागच्या रांगेत कुणीतरी फुसकन हसलं, आणि मग सगळं सभागृह हसलं, साहेबही हसले. "गुरुजी विनोदी आहेत," ते म्हणाले. "अशा मोकळ्या वातावरणातच मुलं शिकतात, हे सर्वांनी लक्षात घ्यावं." आणि त्यांनी पुढच्या शाळेचं नाव घेतलं. गुरुजी उभेच होते. पाच महिने जपून ठेवलेलं पाप त्यांनी चव्हाट्यावर मांडलं होतं आणि ते कुणी घेतलंच नव्हतं. शेजारच्यानं सदरा ओढला तेव्हा ते बसले. बसल्यावर त्यांना फार हलकं वाटलं, आणि थोडा अपमान झाल्यासारखंही.

सभा सुटल्यावर सायकली लावलेल्या झाडाखाली खेडेकर गुरुजी वाट बघत होते. इकडेतिकडे कुणी नाहीसं बघून त्यांनी हळूच विचारलं, "काशीराम, ते एकेचाळीस... खरं सांगितलंत?"

"खरं."

खेडेकर गुरुजींनी सायकलचं कुलूप काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. "मी कधी बसलोच नाही सोडवायला," ते म्हणाले. "वीस वर्षांत. उत्तरसूची उघडूनच शिकवतो. धीर होत नाही." मग सायकल हातात धरून, वर न बसता, ते चालत निघून गेले.

गुरुजी तिथून थेट बाजारात गेले. आवडाबाईच्या पुढ्यात गिऱ्हाइकांची गर्दी होती, ते सगळ्यांच्या डोक्यांवरून ओरडले, "आवडाबाई! शकू जिल्ह्यात आली! यादीत नाव आलं!"

आवडाबाईनं हातातला कोयता थांबवला. "कसली यादी?"

"परीक्षेची. सगळ्या जिल्ह्यातली हुशार मुलं निवडली, त्यात ती आहे. चौऱ्याण्णव गुण, आवडाबाई, बुद्धिमत्तेत!"

"म्हंजी ती हुशार हाय असां म्हनताव."

"असं मी नाही म्हणत, सरकार म्हणतं."

आवडाबाईनं सुरमईचं डोकं एका घावात वेगळं केलं आणि विचार करू लागली. "तुमाला आदी म्हायत नव्हतां?"

गुरुजी 'होतं' म्हणणार होते. पण नाकात बाजाराचा वास भरला होता, आणि दुसरीपासून आपल्या वर्गात, तिसऱ्या बाकावर, अडीच वर्षं गप्प बसलेली ती पोर त्यांच्या डोळ्यांपुढे आली. हजेरीपटातल्या तिच्या गैरहजेरीच्या फुल्या तेवढ्या त्यांना ठाऊक होत्या. "नाही," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं. पेपर तपासला तेव्हा कळलं."

"अडीच वर्सां हुती की तुमच्याजवळ."

"होती."

आवडाबाईनं त्यांच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. समजावून सांगावं तशी ती थोडी पुढं वाकली.

"मग माला इचारायचां हुतां, गुरुजी," ती म्हणाली. "मी सांगितलां असतां." आणि तिनं पुढच्या गिऱ्हाइकासाठी पाटीवरचं ओलं फडकं बाजूला केलं.